शून्याला फोडलेला नारळ

आमच्या घरी फोडलेल्या नारळाचा देशाच्या रॉकेटवर काहीही परिणाम झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. परिणाम झाला तो आमच्या इमारतीच्या विजेवर, सतरा माणसांच्या सकाळवर आणि सासुरवाडीतल्या माझ्या उरल्यासुरल्या अब्रूवर.

रेणू ही आमची एकुलती एक मुलगी. ती उपग्रहाचं काम करते. यापुढे मला ते नीट सांगता येत नाही. चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलं, म्हणजे आलेला कागद नोंदवायचा आणि गेलेला कागद नोंदवायचा. रेणूचंही साधारण तेच, फक्त तिचा कागद वरून, आभाळातून येतो, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे. (तिची आई सुनंदा म्हणते की ही समजूत चारचौघांत बोलून दाखवू नका.) त्या मे महिन्यात रेणूच्या तुकडीने तयार केलेला हवामानाचा उपग्रह वर जाणार होता. त्याच रॉकेटात फोन-टीव्हीसाठीचा आणखी एक उपग्रह होता. एका ऑटोत दोन सवाऱ्या. उड्डाण सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी. आठ दिवस आधी रेणूचा फोन आला.

"बाबा, रॉकेट वर गेलं की कॅमेरा आमच्या खोलीवर फिरवतात. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी मी. चार-पाच सेकंद दिसन. काहीही करा, पण आबाजीले दाखवा."

आबाजी म्हणजे सुनंदाचे वडील, माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणतो. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. वय ब्याऐंशी. पारशिवनीजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. रेणू शिकायला एवढ्या दूर जायचं म्हणाली, तेव्हा मी चार दिवस तोंड पाडून बसलो होतो. मामाजी एसटीने आले, माझ्या पुढ्यात खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "जवाईबापू, पोट्टी जाऊन राहिली तर जाऊ द्या. तुम्ही काहून दार अडवून राहिले?" मी दार सोडलं. तेव्हापासून रेणूच्या प्रत्येक यशाचं श्रेय मामाजींना आणि प्रत्येक सर्दी-खोकल्याचा दोष मला, अशी आमच्या घरात वाटणी आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मामाजींनी माझ्या एकाही कामाला "बरं केलं" म्हटलेलं नव्हतं. म्हणण्यासारखं मी काही केलं नव्हतं, हे एक कारण असू शकतं. एका उन्हाळ्यात मी स्वतःच्या हाताने कूलर बसवला आणि मोठ्या हौसेने त्यांना त्याच्यासमोर बसवलं. ते दहा मिनिटं शांत बसले. मग म्हणाले, "हवा तं गजब आहे. पण बाहेर जाऊन राहिली." मी पंखा उलटा बसवला होता.

तेव्हा हे उड्डाण माझ्यासाठी फक्त रेणूचं नव्हतं. मामाजींना त्यांची नात टीव्हीवर दाखवायची, तीही न चुकता, आणि ते दोन शब्द मिळवायचे, असा माझा बेत होता. मी रीतसर कागद घेऊन यादी केली.

पहिला मुद्दा मोबाइलचा. आमच्या इमारतीत क्रिकेटची एकच विकेट तीन वेगवेगळ्या वेळी पडते. खालच्या कळंबेंकडे ती आधी पडते, मग आमच्याकडे, आणि वरच्या मजल्यावरची मंडळी सगळ्यात शेवटी ओरडतात. रॉकेटचं असं व्हायला नको होतं. टीव्हीवर रॉकेट अजून उभंच आणि कुणाच्या तरी मोबाइलवर "अभिनंदन" येऊन पडलं, तर मामाजींना बघायला उरलं काय? म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल दारातच काढून घ्यायचा, पिठाच्या स्टीलच्या डब्यात घालायचा आणि डबा बेडरूममधल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद करायचा, असं ठरवलं.

दुसरा मुद्दा विजेचा. सीताबर्डीच्या फुटपाथवरून मी एक लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड आणला. विकणारा म्हणाला, "साहब, इसपे पूरी बिल्डिंग चला लो." त्याचा शब्द पुढे निराळ्या अर्थाने खरा ठरला. टीव्ही, डिशचा डबा, कळंबेंकडून मागून आणलेला मोठा स्पीकर आणि कूलर, असं सगळं मी त्या एका बोर्डात खोचलं आणि तो टीव्हीच्या खाली जमिनीवर ठेवला.

तिसरा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. तो मामाजींबरोबर आदल्या दिवशीच्या एसटीने आला.

"नारळ आणला का?" चपला काढता काढता त्यांनी विचारलं.

"कायचा नारळ, मामाजी?"

"वावरात पेरायले तिफण लावतो तं नारळ फोडतो. विहिरीवर मोटर बसवली तं नारळ फोडला. अन् पोरीनं आभाळात मशीन धाडली तं सुकंसुकं? सकाळी दारात एक फोडून टाका."

काम इतकंच होतं. दारात जायचं, नारळ फोडायचा, घरात यायचं. पण साध्या कामात सुधारणा सुचवायची खोड मला नोकरीत लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही.

"दारात नाही, मामाजी. टीव्हीसमोर. अन् अगदी शून्याला."

"शून्याला म्हंजे?"

"ते उलटे आकडे मोजतात ना, दहा, नऊ, आठ. शून्य म्हणलं की तिकडं रॉकेट, इकडं नारळ. एकाच टायमाले."

मामाजींनी चपला कोपऱ्यात सरकवल्या. मग म्हणाले, "करा बाप्पा." त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही तोवरची सगळ्यात मोठी शाबासकी होती.

महालच्या बाजारातून मी दोन नारळ आणले, एक खरा आणि एक रंगीत तालमीचा. भर दुपारी गच्चीवर पाटा ठेवला, सुनंदाला आकडे मोजायला उभं केलं. तिने शून्य म्हटलं, मी नारळ आपटला. काही झालं नाही. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा तो माझ्या हातातून सुटून पाण्याच्या टाकीखाली गेला. शेवटी फुटला तो उणे चारला.

"तुमच्यानं नाई होत," सुनंदा पदराने घाम पुसत म्हणाली. "बाबाले फोडू द्या."

हे ऐकल्यावर मी जे केलं, ते मी तिला सांगितलं नाही. ती दुपारची जरा आडवी झाल्यावर मी हातोडी घेतली आणि खऱ्या नारळाच्या पोटावर गोल फिरवत हलके हलके ठोके दिले. बारीकशी चीर गेलेली बोटाला कळली तेव्हा थांबलो. चिरेवरून हळदीकुंकवाचा जाड लेप दिला. आता सकाळी एका फटक्यात काम होणार होतं. नारळ मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीपाशी ठेवला. तो महिना मे होता आणि गाव नागपूर होतं, एवढंच इथे नमूद करतो.

सकाळी साडेपाचला मंडळी जमू लागली. महालातून माझी बहीण कुंदाताई आली. खालून कळंबे आणि कळंबेवहिनी आले. वरच्या दोन्ही मजल्यांवरची झाडून सगळी माणसं आली, कारण सुनंदा पोहे करणार आणि वर झणझणीत रश्शाची तर्री असणार, ही बातमी मी रॉकेटच्या बातमीबरोबरच दिली होती. सतरा मोबाइल डब्यात गेले. कळंबे जरा कुरकुरले, "अहो, घरात इमर्जन्सी आली तर?" मी म्हणालो, "तुमचं सगळं घर इथंच बसून आहे. इमर्जन्सी येईन कोणाकडं?" कपाटाला कुलूप लावून किल्ली मी सदऱ्याच्या खिशात टाकली.

मामाजी अगदी समोर, एकट्याने खुर्चीत बसले होते. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. चष्मा तीनतीनदा पुसून झाला होता.

"दुसरी रांग, डावीकडून तिसरी," ते मला म्हणाले. "आपली डावी का तिची डावी?"

हा प्रश्न मी रेणूला विचारायला विसरलो होतो. "दोन्हीकडे पाहा," मी म्हणालो.

सहा वाजून पाच मिनिटं व्हायला दहा सेकंद होते. टीव्हीवर पांढरं रॉकेट उभं होतं. मी पाटा टीव्हीच्या पुढ्यात ठेवून, बाह्या सारून, नारळ डोक्यावर धरून बसलो होतो. सगळी खोली मोजत होती. कुंदाताईंनी हात जोडले होते. तीन. दोन. एक. रॉकेटच्या बुडाशी जाळ दिसला, लोक "शून्य" म्हणाले आणि मी जन्मात कधी लावला नव्हता इतका जोर लावून नारळ पाट्यावर मारला.

नारळ फुटला. एका फटक्यात, बरोबर शून्याला, दोन सारख्या भागांत. त्यातलं पाणी सरळ समोर उडालं आणि एक्स्टेन्शन बोर्डात गेलं.

आधी फट् असा आवाज आला. मग टीव्ही गेला, स्पीकर गेला, आणि कूलरचा पंखा घरघर करत मंद होत होत थांबला. जिन्यातला दिवा गेला, खालची पाण्याची मोटर गेली. इतकी शांतता झाली की सुनंदाच्या कढईतली मोहरी तडतडताना ऐकू आली.

"गेलं का?" मामाजींनी विचारलं.

"लाईट गेली," मी म्हणालो.

"लाईट गेली ते मले दिसलं. रॉकेट गेलं का?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. कळंबे खाली जाऊन मेन स्विच बघून आले. "पूर्ण बिल्डिंगची उडाली. वायर जळून राहिली, वास येतो." पण वास वायरचा नव्हता. तो पाट्यावरून येत होता. आंबट, कुबट, नाकात चढणारा. कळंबेवहिनी वाकल्या, त्यांनी नारळाची एक वाटी उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली.

"नारळ नासका आहे," त्या हळूच म्हणाल्या. पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मग खोलीत दोन पक्ष पडले. कुंदाताई म्हणाल्या, "नासका निघाला म्हंजे देवाले पावला. आमच्याकडं तं पेढे वाटतात." कळंबेवहिनी म्हणाल्या, "पावतो तो कोरडा निघालेला. नासका निघाला तं काम नासते." वरच्या मजल्यावरच्या एकाने दोन्हींचा मध्य काढला, "दोन उपग्रह आहेत ना? एक पावला असन, एक नासला असन." यावर कळंबे म्हणाले की मी समोरच्या इमारतीत जाऊन बघून येतो, आणि ते निघून गेले.

एवढ्यात बेडरूममध्ये फोन वाजला. मग दुसरा वाजला. मग डब्यातले सगळेच वाजू लागले. एकात आरती होती, एकात ट्रकचा हॉर्न होता, आणि एक फोन दर दोन सेकंदांनी "सासूबाई कॉलिंग" म्हणत होता. सगळ्या जगाला आम्हाला काहीतरी सांगायचं होतं. अभिनंदन करायचं होतं की सांत्वन, ते कपाट उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. आकाशात दळणवळणाचा उपग्रह जात होता त्या मिनिटाला मी सतरा माणसांचं दळणवळण लोखंडी कपाटात कोंडून ठेवलं होतं.

मी किल्ली लावली. ती फिरली, पण दार उघडेना. त्या कपाटाला एक युक्ती आहे, ती फक्त सुनंदाला येते आणि सुनंदा तेवढ्यात कढई उतरवत होती. सहा-सात जण दाराला भिडले. कुणी ओढा म्हणत होतं, कुणी ढकला म्हणत होतं. मी मामाजींना सांगायला हॉलमध्ये आलो की दोन मिनिटांत सगळं कळेल.

मामाजी काळ्या टीव्हीसमोर तसेच बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. नारळाच्या वाटीकडे बघत ते म्हणाले, "गेल्या साली बागेत नारळ फोडला, तो असाच निघाला होता. मी कोणाले सांगतलं नाई. आठ दिवसानं गारा पडल्या, पूर्ण बहर खाली आला." मग त्यांनी काळ्या पडद्याकडे मान वळवली. "माह्या बागेचं जाऊ द्या. पोरीनं पाच वर्षं मेहनत केली ना जी. म्याच तिले धाडलं होतं."

मला इतकं वाईट याआधी दोनदाच वाटलं असेल. त्या घरात नारळ नासण्याचं खरं कारण एकट्या मला माहीत होतं. गप्प बसलो असतो तर दोष देवावर गेला असता आणि देव काही माझ्या घरी खुलासा करायला येणार नव्हता. एकतीस वर्षं ज्यांच्या दोन शब्दांची वाट बघितली, त्यांच्यासमोर पुन्हा कूलरवाला जावई व्हायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी मी खाली, पाट्याजवळ बसलो.

"मामाजी, नारळ चांगला होता. मी नासवला."

"म्हंजे?"

"एका फटक्यात फुटावा म्हणून काल हातोडीनं चीर पाडून ठेवली होती. रात्रभर आत हवा गेली असन."

मामाजींनी चष्मा काढला. "हातोडीनं?"

"हो."

"काल कवा?"

"दुपारी. दोन वाजता."

"अन् ठेवला कुठी? फ्रिजमंधी?"

"ओट्यावर. खिडकीपाशी."

"उन्हात."

"हो."

माझ्या नोकरीत एक खातेनिहाय चौकशी झाली होती. तीसुद्धा इतकी मुद्देसूद नव्हती. मग मामाजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडत आहेत. मी पाणी आणायला उठलो, तर ते हसत होते. तोंडाला टोपी लावून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

"म्हंजे देवाचा याच्यात काई संबंध नाई."

"काही नाही, मामाजी."

"पूर्ण तुमचंच काम होय."

"पूर्ण माझंच."

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "बरं केलं, जवाईबापू," ते म्हणाले. "सांगतलं ते बरं केलं."

तर ते दोन शब्द मला अखेर असे मिळाले.

सुनंदा हात पुसत बेडरूममध्ये गेली, कपाटाच्या दाराला खालून पायाने आणि वरून खांद्याने एक धक्का दिला आणि दार उघडलं. डब्यातून सतरा फोन बाहेर आले, सगळ्यांवर एकच शब्द होता, अभिनंदन. रॉकेट छान गेलं होतं. दोन्ही उपग्रह आपापल्या जागी निघाले होते, पावलेला आणि नासलेला असे दोन्ही. कुंदाताई आणि कळंबेवहिनी एकमेकींना "मी म्हणत नव्हते?" म्हणत पोह्यांकडे वळल्या.

थोड्या वेळाने रेणूचा फोन आला. मी तो मामाजींच्या कानाला लावला आणि "हो म्हणा, हो म्हणा" अशा खुणा करू लागलो.

"आबाजी, मी दिसली का तुम्हाले?"

"नाई वं बाई," मामाजी म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत, ही त्यांची एक अडचण आहे. "तुह्या बापानं नारळ फोडला. तुहं रॉकेट वर गेलं, अन् आमची लाईट."

रेणू पलीकडे इतकी हसली की तिच्या मागे कुणीतरी "काय झालं?" विचारलेलं आम्हाला ऐकू आलं. तिने सांगितलं असावं. त्या खोलीत देशातले किती हुशार लोक बसले होते कोण जाणे, पण पुढचं मिनिटभर ते सगळे मला हसत होते.

(कळंबे पाऊण तासाने समोरच्या इमारतीतून चहा-नाश्ता करून आले आणि दारातूनच म्हणाले, "उडालं!" तेव्हा आम्ही भांडी घासत होतो.)

दुपारी सुनंदाच्या मोबाइलवर कुणीतरी त्या कार्यक्रमाचा तुकडा पाठवला. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. आपल्या डावीकडून. रेणू कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती, ओढणीने डोळे पुसत होती. मामाजींनी ते चार सेकंद अकरा वेळा बघितले. बाराव्या वेळी त्यांचा अंगठा लागून चित्र थांबलं, तर म्हणाले, "राहू दे आता असंच."

महिना-दीड महिन्याने रेणूने उपग्रहाने काढलेलं एक छायाचित्र पाठवलं. मी ते मोठं करून, काच लावून एसटीने पारशिवनीला घेऊन गेलो. मामाजींनी ते उजेडात धरलं. मी बोटाने दाखवलं, हे नागपूर, हे इथं आपण. दूरदूरपर्यंत आभाळ कोरडं होतं, फक्त नागपूरच्या जरा वर एक पांढरा ठिपका होता.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"ढग असन, मामाजी."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि मान हलवली. "ढग नोहे. तुमचा नारळ होय. गेला बरोबर वरपर्यंत."

ते छायाचित्र आता त्यांच्या बैठकीत लावलेलं आहे. गावात कुणी पाहुणा आला की मामाजी त्याला आधी सांगतात, ही माझ्या नातीची मशीन. मग काठीचं टोक त्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवतात आणि म्हणतात, हे आमचे जवाईबापू.